चराईबंदी

८ मार्च १९९९

आज तालुक्याचे कृषी अधिकारी गावात आले आणि आपल्या नोकरीला काहीतरी अर्थ आहे असं पहिल्यांदाच वाटलं. आजवर ग्रामसेवक म्हणजे घरपट्टी, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि बंद पडलेल्या दिव्यांच्या तक्रारी. म्हणून ही वही काढली. कॉलेजात रोज लिहायचो, मग सुटलं.

गावाला पाझर तलाव आहे. तो गाळानं निम्मा भरलाय. त्याच्या खालची पिण्याची विहीर होळीलाच तळ गाठते. गाळ काढायला मदत मिळावी एवढंच लोकांचं म्हणणं होतं. साहेब तलावाकडे गेलेच नाहीत, बूट घालून सरळ निनाईच्या माळावर चढले. मागोमाग मी आणि गावातले मोठे बागायतदार गणपतराव पाटील. वर पोचल्यावर साहेबांनी विचारलं, "इथं पडलेलं पाणी कुठं जातं?"

"तलावात," मी म्हणालो.

"मग तलाव आजारी नाही, माळ आजारी आहे. उघडा पडलाय. पाणी धावतं आणि जाताना माती घेऊन जातं. तुम्ही गाळ काढाल, पुढच्या वर्षी तो परत येईल."

एका तलावाला जेवढ्या जमिनीचं पाणी मिळतं, ती सगळी त्याची पाणलोट जमीन. ती सांभाळली तरच तलाव सांभाळला जातो. योजनेतून माळावर आडवे चर मारता येतील, ओघळींना दगडी बांध घालता येतील, झाडं लावता येतील. पण अट एकच. गावानं ग्रामसभेत ठराव करून माळावरची चराई बंद करायची आणि ती बंदी ग्रामपंचायत आणि पाणलोट समितीनं पाळून घ्यायची. ठराव नाही तर योजना नाही.

माळ म्हणजे गायरान. पाटलांच्या म्हशी तिथं जात नाहीत, त्या गोठ्यात उसाचं वाडं खातात. माळावर चरतात आमच्या वस्तीतल्या शेळ्या. 'आमच्या' लिहिलं खरं, मी मूळचा गडमुडशिंगीचा. पण बौद्ध वस्ती कुठल्याही गावातली असली तरी हात आपोआप 'आमची' लिहून जातो.

१२ मार्च

गणपतरावांकडे चहा. समितीचे अध्यक्ष तेच होणार हे ठरल्यासारखंच आहे, मी सचिव. त्यांच्या विहिरी तलावाच्या खालच्या अंगाला आहेत, त्यामुळे कामात जीव ओततील. म्हणाले, "भाऊसाहेब, वस्तीतली लोकं आमचं ऐकायची न्हाईत. तुमचं ऐकत्यात. तेवढं तुमी बघा."

माणूस जुन्या वळणाचा आहे, पण मान देतो. ओसरीवर खुर्ची टाकली. माझ्यासाठी चहाला एक काचेचा ग्लास वेगळा ठेवलाय, खिडकीत पालथा असतो. बाकीचे कपबशीत घेतात. सरकारी माणूस म्हणून एवढी काळजी. बायकोला, शिवानीला, हे कौतुकानं सांगितलं तर ती भाकरी थापत राहिली. तिला या गावात करमत नाही, त्यामुळे कुणाचं काही चांगलं दिसत नाही.

१७ मार्च

तानूबाईंकडे गेलो होतो. वस्तीत त्यांचा शब्द चालतो. नवरा गेल्यावर त्यांनी शेळ्यांवर घर ओढलं आणि मुलाला, संघर्षला, कोल्हापूरला कॉलेजात घातलं. संघर्ष माझ्याकडून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं नेतो. पोरगा हुशार आहे. मला बघून सरळ उभा राहतो, ते आवडतं.

विषय काढल्याबरोबर मावशी म्हणाल्या, "माळ बंद केल्यावर माझ्या शेळ्या काय हवा खातील व्हय?"

मी समजावून सांगितलं. शेळी कोवळा कोंब मुळापासून ओरबाडते, तिच्या खुरांनी माती सुटते. एक पावसाळा कळ काढली तर कमरेएवढं गवत येईल. "उभ्यानं चारायचं न्हाई एवढंच, मावशी. कापून आणायचं आन् दावणीला घालायचं. गवत सगळं शेळ्यावाल्या घरांचं."

"आन् पाटील?"

"त्यांच्या म्हशींला वाडं हाय की. गवत तुमचं. माझा शब्द."

त्या म्हणाल्या, "आजवर कुणी शब्दच दिला न्हाय, म्हणून मोडला बी न्हाय. तू पयलाच देतोयस, बाळा. बघ बाबा."

गवताचं असं साहेब काही बोलले नव्हते. पण चांगल्या गावांत असंच करतात, मी वाचलंय. आणि सचिव मी आहे. एवढं करून घेता येईल.

१ मे

ग्रामसभा. देवळापुढे मांडव. गणपतरावांनी ठराव मांडला आणि सगळे वस्तीच्या कोपऱ्याकडे बघू लागले. तिथं कुणी हात वर करेना. मी तानूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला आणि हात वर केला. मग त्यांच्यामागचे सगळे हात वर झाले.

साहेबांनी नंतर माझी पाठ थोपटली. "कांबळे, विरोध होईल म्हणून मी भीत होतो. हे तुमचं काम."

२९ मे

चर खणणं जोरात चाललंय. वस्तीतल्या बायकांना रोजगार मिळाला. तानूबाई टोपली घेऊन सगळ्यांच्या पुढे. आज मला हाक मारून म्हणाल्या, "शाळा मास्तरानं पाटीवर आडव्या रेघा माराव्या तसा माळ दिसतोय बघ." संघर्षही सुट्टीत कुदळ घेऊन येतो. शेळ्या तानूबाई बांधावरचा पाला आणून सांभाळतात. थोड्याशा वाळल्यात, पण पावसाळ्यापर्यंतचाच प्रश्न आहे.

केरबा राखणदार नेमला. तो कडक आहे.

३ ऑक्टोबर

माळ ओळखू येत नाही. पवन्या गवत कमरेला लागतं, वाऱ्यानं सगळी टेकडी एका बाजूला कलते. तलावात या वर्षी आलेलं पाणी पहिल्यांदाच गढूळ नव्हतं. मी नि शिवानी संध्याकाळी चढून गेलो होतो. ती हसली. किती दिवसांनी.

१४ ऑक्टोबर

समितीची बैठक, गणपतरावांच्या ओसरीवर. जे झालं ते लिहितो.

गणपतराव म्हणाले, गवताचा लिलाव करायचा. बांध फुटले तर दुरुस्तीला पैसा कुठून येणार, तो गवतातून उभा राहील, साहेबांनाही ते पटेल. मुद्दा चुकीचा नाही. मग लगेच, त्याच दमात, "आणि आपल्या भाऊसाहेबांचं नाव आदर्श ग्रामसेवक म्हणून जिल्ह्याला पाठवायचं हाय. ते आमी सगळे मिळून पाठवणार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडे बघून हसले. माझा ग्लास भरला.

मी बोलायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, 'वस्तीला गवत देण्याचं ठरलंय.' पण ठरलंय कुठं? कुणी ठरवलं? मी, एका अंगणात. सगळ्यांसमोर ते बोललो असतो तर विचारलं असतं, कुणाला विचारून शब्द दिलात. शिवाय मी वस्तीच्याच समाजाचा. आपल्या माणसांसाठी भांडतो असं झालं असतं, आणि पुढच्या प्रत्येक कामात तेच ऐकावं लागलं असतं.

लिलाव गणपतरावांच्या पुतण्यानं घेतला. दुसरं कुणी बोली बोललंच नाही.

मी बोललो नाही.

१६ ऑक्टोबर

तानूबाई विळा घेऊन माळावर गेल्या, केरबानं खाली आणलं. त्या तशाच ग्रामपंचायतीत आल्या. विळा हातातच होता.

"केरबा म्हणतोय गवत इकलं. खरं काय?"

मी म्हणालो, समितीचा निर्णय झालाय. बांधांच्या दुरुस्तीला पैसा लागतो. पुढच्या वर्षी बघू.

"तू हुतास की तितं?"

"होतो."

"काय म्हणालास?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत होतो. म्हणालो, "एकट्याचं चालत नाही, मावशी."

त्या भांडल्या नाहीत. "बरं भाऊसाहेब," म्हणून गेल्या. आजवर बाळा म्हणायच्या.

शिवानीनं विचारलं, चेहरा असा का. डोकं दुखतंय म्हणालो.

९ डिसेंबर

वस्तीतल्या दोन-तीन घरांनी शेळ्या विकल्या. तानूबाईंनी अजून ठेवल्यात. संघर्ष पुस्तक परत द्यायला आला होता, नवीन नेलं नाही. उभ्या-उभ्या गेला.

६ मार्च २०००

विहिरीला पाणी आहे. या दिवसांत या विहिरीला पाणी असं गावात कुणाला आठवत नाही. बायका येता-जाता मला "भाऊसाहेब, बेस झालं" म्हणतात. आनंद होतो. होतो हेही लिहायला हवं.

तानूबाई घागर घेऊन आल्या तेव्हा मी ऑफिसात शिरलो.

१९ एप्रिल

आजच लिहितो. उद्या लिहिलं तर मी ते जरा बरं करून लिहीन.

सकाळी गणपतराव आणि मी माळावर झाडांची पाहणी करायला गेलो. पश्चिमेच्या उतारावर तानूबाईंच्या शेळ्या होत्या. रोपं खात होत्या. तानूबाई त्यांच्याबरोबरच होत्या, लपल्या वगैरे नव्हत्या. म्हणाल्या, "उनाळ्यात कुटं काय न्हाय. गाभणी हाय एक. चार घास खाऊ द्या, न्हेतो."

गणपतरावांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

आणि मी केरबाला सांगितलं, कोंडवाड्यात घाल. मीच सांगितलं. नियम तो नियम, आपल्या वस्तीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, हे तेव्हा मला फार स्वच्छ दिसत होतं.

कोंडवाडा म्हणजे चार भिंती, वर काटेरी फांद्या आणि पत्र्याचं दार. आत सावली नाही. केरबानं मागे एकदा आपल्या पाहुण्याची गुरं गुपचूप सोडली होती, त्यामुळे कुलपाची किल्ली माझ्याकडे असते. ती खिशात टाकली आणि तशीच एम-एटी गाडी काढून कोल्हापूरला गेलो. जिल्ह्याची पाणलोट कामांची बैठक होती. आपल्या गावाची माहिती मला सांगायची होती.

बैठकीत घाम पुसायला रुमाल काढला, त्याबरोबर किल्ली बाहेर आली. मी ती पाहिली. तेव्हा अजून जेवणाची सुट्टीही झाली नव्हती. ऊन चढत होतं, हे मला कळत होतं. गाभणी आहे हे ऐकलं होतं. उठून गेलो असतो तर तासाभरात पोचलो असतो. पण माझ्या आधी एकाच गावाचं राहिलं होतं, आणि साहेबांनी मागं वळून हळूच सांगितलं होतं, "कांबळे, मोठे साहेब खास तुमचं ऐकायला थांबलेत." म्हटलं, शेळ्या आहेत, थांबतील. संध्याकाळी सोडू.

मी बोललो. चांगलं बोललो. टाळ्या पडल्या. मग जेवण झालं, मग साहेबांबरोबर चहा.

उन्हं कलल्यावर परत आलो तर कोंडवाड्यापुढे माणसं जमली होती. गाभणी शेळी दुपारी आत विणीला आली आणि पिल्लू अडलं. तानूबाई दार धरून कुलूप तोडा म्हणत होत्या. केरबा गणपतरावांना विचारायला गेला. ते म्हणाले, सरकारी कुलूप हाय, भाऊसाहेबांना येऊ दे. भिंतीवरच्या काट्यांमुळे कुणाला आत उतरता येईना. कुणीतरी दोरीनं पाण्याची बादली सोडली, ती लवंडली.

मी कुलूप काढलं. शेळी मेली होती. पिल्लू अर्धं बाहेर होतं.

तानूबाई आत गेल्या. शेळीचं डोकं मांडीवर घेतलं आणि बसून राहिल्या. बाकीच्या शेळ्या त्यांच्याभोवती उभ्या होत्या.

मी म्हणालो, "मावशी, बैठक लांबली."

"बैटकच हुती नव्हं," त्या म्हणाल्या. "मग तुमी तरी काय करणार."

२० एप्रिल

संघर्ष आला. काल तो कॉलेजात होता. मी खुर्ची दिली, बसला नाही.

"सर, तुम्ही कोल्हापुरात किती वाजता मोकळे झालात?"

मी सांगितलं.

"आणि किल्ली तुमच्याच खिशात होती."

"आठवलं नाही रे."

खोटं. कालच इथं खरं लिहिलं आणि आज तोंडानं हे बोललो.

तो म्हणाला, "आई म्हणते, त्येंचा काय दोष, त्येंला वरच्यांचं ऐकावं लागतं. मी तिला म्हणालो, सर तसले नाहीत, सर स्वतःच्या मनानं वागतात." मग म्हणाला, "मी बरोबर बोललो की नाही, एवढंच विचारायला आलो होतो."

उत्तराची वाट न बघता गेला.

१५ मे

तानूबाईंनी उरलेल्या सगळ्या शेळ्या वडगावच्या बाजारात नेऊन विकल्या. केरबानं सांगितलं, आणि वर म्हणाला, "बरं झालं भाऊसाहेब, आता तुमच्या मागची कटकट गेली."

३० जुलै

संघर्षनं कॉलेज सोडलं. हुपरीला चांदीच्या कारखान्यात जातो, पैंजणाच्या कड्या जोडायला. मी त्याच्या घरी जाणार होतो. वस्तीच्या कमानीपर्यंत गेलो. तिथून परत आलो.

पाऊस चांगला आहे. तलाव भरत आलाय.

११ मार्च २००१

कितीतरी दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, लिहावंसं वाटत नव्हतं.

आज बाहेरच्या जिल्ह्यातले सरपंच आणि अधिकारी आपलं काम बघायला आले. माळ, बांध, तलाव, सगळं फिरून झालं. विहिरीवर फोटो घ्यायचा होता, म्हणून साहेबांनी पाणी भरणाऱ्या बायकांना थांबवलं. त्यात तानूबाई होत्या. एका पाहुण्यानं विचारलं, "काय आजी, आता कसं वाटतंय?"

त्यांनी घागर कमरेवर घेतली. "पाणी बेस हाय पावणं. पयलं मैलभर जावं लागायचं."

"मग सुखी आहात की."

"पाणी बेस हाय," त्या पुन्हा म्हणाल्या.

पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि त्या माझ्याविरुद्ध एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी खरंच आलंय, हे सगळ्यात वाईट आहे. नसतं आलं तर मी सरळ चुकलो असतो. आता मी बरोबर आहे, आणि तोंड लपवत फिरतोय.

संध्याकाळी गणपतरावांकडे सगळ्यांना जेवण होतं. शिवानी पण आली होती, पहिल्यांदाच. चहा आला तेव्हा मला माझा ग्लास मिळाला, तिलाही तसाच एक मिळाला. मी म्हणालो, बघ, तुझ्यासाठी पण ठेवलाय. तिनं तो हातात घेतला, खाली ठेवला आणि उठून अंगणात जाऊन उभी राहिली. चहा प्यायलीच नाही. परत येताना कारण विचारलं. म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?" काय ते सांगितलं नाही. थकली असावी.

१२ मार्च

तिला किल्लीचं सांगितलं. रुमालाबरोबर ती बाहेर आली, मी ती पाहिली आणि बसून राहिलो, सगळं.

ती शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझी शेळी मेली नाही."

२८ सप्टेंबर

या वर्षीही गवत कमरेला आलंय. समितीची बैठक परवा, आणि गांधी जयंतीला ग्रामसभा. लिलावाचा विषय पुन्हा आलाय. आदर्श ग्रामसेवकाच्या यादीत माझं नाव आहे, साहेबांचा निरोप आला.

२ ऑक्टोबर

लिलावाचा ठराव वाचायला मी उभा राहिलो आणि वाचला नाही. म्हणालो, "चराईबंदीच्या वेळी मी वस्तीला शब्द दिला होता, गवत तुमचं. त्या शब्दावर त्यांनी हात वर केले. त्यांचे हात नसते तर योजना आली नसती, विहिरीला पाणी नसतं. माळ राखला त्यांनी, आणि गवत नेलं दुसऱ्यांनी. मी समितीत होतो आणि गप्प बसलो."

मांडवात चुळबुळ झाली. गणपतराव शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी गावचे नोकर. गावाच्या वतीनं शब्द द्यायचा अधिकार तुमाला कुणी दिला?"

हाच प्रश्न. याचीच मी इतके दिवस भीती बाळगून होतो. आला, आणि नुसता एक प्रश्न निघाला. "कुणीच नाही," मी म्हणालो. "दिला, ही माझी चूक. दिल्यावर मोडला, ती त्याहून मोठी. आता गावानं ठरवावं."

मग गणपतरावांच्याच भावकीतल्या धोंडुबाई उठल्या, पाणी भरताना वस्तीतल्या बायकांबरोबर असतात त्या. "माळ त्येंनी राखलाय खरं. आमी तरी कवा गेलतो? दिऊन टाका की गवत." बायकांचे हात आधी वर आले. गड्यांचे सावकाश, गणपतरावांकडे बघत बघत. त्यांचा आला नाही. पण ठराव झाला. ज्यांना जमीन नाही त्या घरांनी गवत कापून न्यायचं, बदल्यात बांधांची डागडुजी त्यांनी करायची.

मला हलकं वाटायला लागलं. तेवढ्यात तानूबाई उठल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गवत दिलासा, बेस झालं. आता घालू कुणाला?"

आणि बसल्या.

११ ऑक्टोबर

वडगावच्या बाजारातनं एक शेळी आणली. चांगली, दुभती. टेम्पोतनं आणली आणि दोरी धरून वस्तीत गेलो. या वेळी कमानीपाशी थांबलो नाही. संघर्षही घरी होता, कारखान्याची सुट्टी. त्याच्या बोटांची टोकं काळी पडलीत. तो आत निघून गेला.

तानूबाईंनी शेळीचे दात बघितले, कास बघितली. "चांगली हाय. केवड्याला दिली?"

"तुमच्यासाठी आणलीय मावशी."

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. किल्ली मला दिसली होती. जेवणाआधी दिसली होती. निघता आलं असतं. बैठक लांबली नव्हती.

त्या ऐकत होत्या. त्यांनी शेळीची दोरी हातात घेतली, आणि मला वाटलं घेतली. मग ती माझ्या हातात परत दिली.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "दार उघडताना तुमी शेळीकडं न्हाय, माझ्याकडं बघितलासा. आदी ठावं असणारा माणूस तसं बघतोय." मग म्हणाल्या, "ही घेतली तर तुमाला झोप लागंल, भाऊसाहेब. लागू दे की, माझी ना न्हाय. पर तुमची झोप माझ्या दावणीला बांधू नगासा."

मी विचारलं, "मग मी काय करू?"

"शेळी इकत घेतलीसा नव्हं? मग संबाळा."

शेळी घेऊन घरी आलो. शिवानी दारात उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनं दोरी घेतली आणि खिडकीच्या गजाला बांधली.

१३ ऑक्टोबर

शेळी ओरडते. भाकरीचा तुकडा, भाजीची देठं, काही पुरत नाही. ऑफिसमागच्या दोन खोल्या, आम्हाला ना शेत ना बांध. माळ बंद आहे, आणि बंदी मीच राखायची आहे.

२१ ऑक्टोबर

जिल्ह्याची यादी आली. माझं नाव नाही. गणपतरावांनी आज ऑफिसात येऊन सही केली आणि गेले, चहाला बोलावलं नाही. वाईट वाटेल असं वाटलं होतं. शिवानी म्हणाली, "बरं झालं." का, ते मी विचारलं नाही. या वेळी थोडंसं कळल्यासारखं झालं, म्हणूनच विचारलं नाही.

२६ ऑक्टोबर

वस्तीतल्या बायका रोज गवत कापतात. ज्यांच्या शेळ्या उरल्यात त्या घरी नेतात. तानूबाई भारे बांधून विकतात. गणपतरावांच्या गोठ्यावर विकतात, धोंडुबाईंकडे विकतात. आज ऑफिसच्या दारावरून जाताना मी त्यांना थांबवलं. म्हणालो, मलाही गवत लागतं. शेळीला.

"किती?"

म्हणालो, रोज दोन भारे टाकत जा.

त्यांनी डोक्यावरचा भारा उतरवला, पदरानं मान पुसली आणि खिडकीपाशी बांधलेल्या शेळीकडे बघितलं. दर सांगितला. पाटलांच्या गोठ्यावर सांगतात तोच. मी पैसे दिले, दोन भाऱ्यांचे. त्यांनी निम्मे परत केले.

"एका शेळीला एक भारा बास हाय," म्हणाल्या.

एक भारा माझ्या दारात टाकला, आणि दुसरा आणायला माळाकडे गेल्या.